वाचकांचे प्रश्न : ऑफिसातला जुना सर्व्हर घरी आणू का?

मागच्या अंकात घरच्या फोटो-व्हिडिओंची साठवण कशी करायची यावर चार ओळी लिहिल्या होत्या, तेव्हापासून प्रश्न येऊन राहिलेत ते जवळपास सगळे एकाच वस्तूबद्दल. ऑफिसातून निघालेले ते चपटे, लांबलचक, रॅकमध्ये बसणारे स्टोरेज सर्व्हर. कोणाला ओळखीतून मिळतोय, कोणाला भंगारवाल्याकडे दिसला. मी स्वतः असं मशीन सात वर्षं घरात वापरते, म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त याच्यावरच लिहिते.

ताई, मानेवाड्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे व्हिडिओ मिळून ७ टीबी झाले, सगळे सुट्या यूएसबी डिस्कवर पडून आहेत. ओळखीच्या एका पोट्ट्याकडून डेलचा आर७१० सर्व्हर मिळून राहिला, २ टीबीच्या ६ डिस्कसकट, भाव पण चांगला आहे. चोवीस तास चालू ठेवून सगळा धंदा त्याच्यावरच टाकावा म्हणतो. घेऊ का?

घ्या भाऊ. पण चोवीस तास चालवायला घेऊ नका, आणि त्या सहा डिस्कच्या भरवशावर तर अजिबात घेऊ नका.

आधी विजेचं पाहू, कारण मशीन एकदाच विकत घ्यायचं असतं पण बिल दर महिन्याला येतं. आर७१० हे २००९ सालचं मॉडेल, त्यात दोन झिऑन प्रोसेसर, मेमरीच्या १८ जागा, दोन पॉवर सप्लाय, वरून तुमच्या सहा डिस्क, एवढं सगळं काही काम न करता नुसतं चालू राहिलं तरी साधारण १५० वॅट खातं. म्हणजे दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८ युनिट. तुमच्या घराचं मीटर आत्ता २०० युनिटवर येत असेल तर ते सरळ ३०० च्या वर जातं, आणि महावितरणच्या घरगुती दरात १०१ ते ३०० चा टप्पा वेगळा, ३०१ पासून पुढचा वेगळा, तो महाग. हिशेबाला सोपं म्हणून युनिट १० रुपये धरलं तरी वर्षाचे १३ हजाराच्या वर झाले. तेवढ्या पैशात काय काय येतं ते तुम्हीच पहा. घेण्याआधी त्या पोट्ट्याला सांगा मशीन चालू करून दाखव म्हणून, आणि प्लगमध्ये लावायचं वॅट मीटर मिळतं ते लावून आकडा स्वतः पाहून घ्या, कारण आतमध्ये कोणते प्रोसेसर आहेत, किती मेमरी भरली आहे यावर तो बराच कमी-जास्त होतो.

आता जागेचा हिशेब. २ टीबीच्या सहा डिस्क म्हणजे १२ टीबी नाही. दोन डिस्क गेल्या तरी माल वाचेल असं लावलं, ज्याला रेड ६ म्हणतात, तर हाती येतात ८ टीबी. तुमच्याकडे आजच ७ आहेत, तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, डिसेंबरपर्यंत भरलं समजा. मग मोठ्या डिस्क टाकू म्हणाल, तर इथे खरी गोम आहे. मशीनमध्ये रेडचं कार्ड, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून सांभाळणारं कार्ड, कोणतं आहे ते घेण्याआधी विचारा. पर्क ६/आय किंवा एसएएस ६/आयआर असेल तर त्याला २ टीबीच्या वरची डिस्क ओळखताच येत नाही, तुम्ही ८ टीबीची लावा नाहीतर १२ ची, दिसणार २ च. एच७०० असेल तर मोठ्या डिस्क चालतात पण ते कार्ड प्रत्येक डिस्क स्वतःच्या ताब्यात ठेवतं. एच२०० असेल तर सगळ्यात उत्तम, त्याचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलून साधं कार्ड करता येतं, म्हणजे कार्ड मधे ढवळाढवळ न करता डिस्क जशीच्या तशी सिस्टीमला देतं.

हे साधं कार्ड मी एवढं लावून धरते त्याला कारण आहे. माझ्याकडे आधी हार्डवेअर रेडचं कार्ड होतं, आणि एका जूनमध्ये ते गेलं. चारही डिस्क ठणठणीत, पण त्यांच्यावर माल कसा वाटून ठेवला आहे ते समजणारं कार्डच नाही, दुसऱ्या कोणत्याही पीसीत लावल्या की रिकाम्या दिसायच्या. वडिलांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंग होती त्यात, ते गेल्यावर कॅसेटवरून एक-एक करून उतरवलेली, आणि दुसरी प्रत नव्हती. त्याच जातीचं जुनं कार्ड शोधायला तीन आठवडे गेले. ते लावलं, डिस्कवर लिहिलेली मांडणी त्याने वाचून घेतली आणि सगळं परत आलं, पण ते तीन आठवडे मी नीट झोपले नाही. त्यानंतर मी लिनक्सच्या स्वतःच्या रेडवर आले, आता झेडएफएस वापरते, म्हणजे डिस्कवर माल मांडून सांभाळणारं सॉफ्टवेअर. यात मांडणी सॉफ्टवेअरला माहीत असते, मशीन मेलं तर डिस्क काढा, झेडएफएस टाकलेल्या कोणत्याही लिनक्स पीसीला जोडा, आवाज द्या, हजर. असल्या मशीनवर टाकायच्या सिस्टीम म्हणजे ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस, दोन्ही फुकट आहेत, तुम्हाला जे सोपं वाटेल ते टाका. ट्रूनॅस म्हणजे आधीचं फ्रीनॅस, २०२० मध्ये नाव बदललं, जुने व्हिडिओ पाहताना गोंधळू नका.

त्या सहा डिस्क किती तास फिरल्यात ते डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या स्मार्ट रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. वर्षाचे तास ८,७६०. आकडा ५०-६० हजार दिसला तर ती डिस्क सहा-सात वर्षं न थांबता पळाली आहे. त्याच रिपोर्टमध्ये रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयित जागांचे, दोन आकडे असतात, ते शून्य नसतील तर डिस्क घेऊच नका. आणि शून्य असले तरी सहाही डिस्क एकाच ऑफिसात, एकाच दिवसापासून, एकसारख्या राबलेल्या, त्या मरतीलही आगेमागेच. एक गेली, तिच्या जागी नवी टाकली की उरलेल्या पाच डिस्कना सलग कितीतरी तास पूर्ण वाचून काढावं लागतं, दुसरी जाते ती नेमकी याच वेळी. म्हणून पेटी जुनी चालेल पण माल नव्या डिस्कवर ठेवा. नव्या घेताना एसएमआर नको, सीएमआर हवी असं दुकानदाराला ठासून सांगा. एसएमआरमध्ये पट्टे एकमेकांवर कौलासारखे चढवलेले असतात, त्यामुळे रेड नव्याने भरताना ती रखडते.

मग घ्या का म्हटलं? कारण हे मशीन दुसरी प्रत ठेवायला फार छान आहे. रोजच्या कामाला एक छोटा, कमी वीज खाणारा पीसी ठेवा, त्यात दोन मोठ्या डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या लावा. आर७१० बंद ठेवायचा. रविवारी रात्री चालू करायचा, आठवड्याचा नवा माल आरसिंकने (फक्त बदललेल्या फाइल कॉपी करणारा प्रोग्राम) त्याच्यावर ओढायचा, पाच तास लागले समजा, पाऊण युनिट जळलं, महिन्याचे तीन युनिट. झालं की बंद करून प्लग सुद्धा काढून ठेवायचा. प्लग काढलेल्या मशीनमध्ये व्हायरस शिरत नाही, आणि मे महिन्याच्या शेवटी वावटळ-विजा सुरू होतात ना आपल्याकडे, ती वीज पण त्याच्यापर्यंत पोचत नाही. दोनपैकी एक पॉवर सप्लाय काढून ठेवला तर थोडे वॅट अजून वाचतात आणि सुटा भाग हाताशी राहतो.

एक मात्र लक्षात ठेवा, रेड म्हणजे बॅकअप नाही. तुमच्या असिस्टंटने चुकून एका लग्नाचं फोल्डर उडवलं तर ते आरशातल्या दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. दुसऱ्याच्या घरचं लग्न परत शूट करता येत नाही हो. म्हणून झेडएफएसचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या वेळच्या मालाची जपून ठेवलेली स्थिती, चालू ठेवा, रविवारची प्रत चुकवू नका.

आम्ही त्रिमूर्तीनगरला तिसऱ्या माळ्यावर फ्लॅटमध्ये राहतो. मिस्टरांनी १यू चा एक सर्व्हर आणला, आवाज असा की शेजारच्या काकू विचारायला आल्या. आता गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवू म्हणतात, नाहीतर लाकडी कपाटात. कुठे ठेवावा?

दोन्हीकडे नको ताई, खरंच सांगते. टिनाच्या खोलीत तर नकोच नको.

या मशीनांना समोरून जी हवा आत जाते ती ३५ अंशापर्यंतची चालेल असं कंपन्याच लिहून देतात. आपल्याकडे मे मध्ये सावलीतच ४५, २३ मे २०१३ ला तर नागपुरात ४७.९ नोंदलं गेलं, टिनाखाली त्याच्यापेक्षा किती असेल तुम्हीच विचार करा. कपाटात वेगळी अडचण, मशीन समोरून हवा ओढतं आणि मागून गरम फेकतं, दार लावलं की तीच गरम हवा फिरून समोर येते. जेवढे वॅट ते खातं तेवढी सगळी उष्णता खोलीतच येते, १०० वॅटचा जुना बल्ब कपाटात पेटता ठेवण्यासारखं आहे ते.

आवाज काहून येतो, तर १यू म्हणजे पाऊणेदोन इंच उंची, ४४ मिलिमीटर फक्त, त्यात पंखा बसतो तो ४० मिलिमीटरचा. एवढ्याशा पात्यांनी हवा ढकलायची तर मिनिटाला दहा-पंधरा हजार फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून ती किंचाळी. २यू मध्ये पंखे मोठे, आवाज जाडसर, तरी झोपायच्या खोलीत तो पण नाही चालत. बाजारातून शांत पंखे आणून लावू असं मिस्टर म्हणतील, पण थोडं थांबा. या मशीनांत प्रोसेसरवर स्वतःचा पंखा नसतो, नुसती धातूची पातळ पातं असतात, समोरच्या पंख्यांच्या जोरावरच ती थंड होतात. पंखे धीमे केले की प्रोसेसर आणि डिस्क तापतात. वरचं झाकण उघडं ठेवल्याने थंड राहील हा पण गैरसमज, झाकण लावलेलं असलं तरच हवा जिथून जायला पाहिजे तिथून जाते. करायचंच असेल तर आयपीएमआय मधून (सर्व्हरचं आतलं नियंत्रण दुसऱ्या पीसीवरून करायची सोय) पंख्यांचा वेग हळूहळू उतरवा, प्रत्येक पायरीला तास-दोन तास थांबून डिस्कचं तापमान पहा, ४५ च्या वर चढायला लागलं की मागे या.

जागा म्हणाल तर घरातली सगळ्यात थंड भिंत, बहुतेक उत्तरेची, पॅसेज किंवा स्टोअर, जमिनीपासून हातभर वर म्हणजे केर-फरशीची धूळ आत जात नाही. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. लोकांना वाटतं गार हवा आहे तर बरंच आहे, पण ती दमट असते, आणि बोअरच्या पाण्याचे थेंब उडाले की सुकून पांढरा थर बसतो, कूलरच्या जाळीवर बसतो तो पाहिलाच असेल, तोच बोर्डवर बसायला नको. मे महिन्यात दुपारी ११ ते ७ मशीन बंदच ठेवा, मी पण ठेवते, काही अडत नाही. आणि भिंतीवर टांगायचं इंटरनेटवाल्यांचं छोटं रॅक घेऊ नका, ते बहुतेक ४५ ते ६० सेंटिमीटर खोल असतं आणि पूर्ण सर्व्हर ७० च्या घरात जातो. वजन पण पहा, डिस्क भरलेला २यू २५-३० किलो सहज होतो, पलंगाखालून एकट्याने ओढू नका, कंबर धरते.

मी हिंगणा रोडला रूम करून राहतो, इंजिनिअरिंगला आहे. ४ डिस्कचा जुना १यू नॅस (नेटवर्कवरून वापरायची साठवणीची पेटी) मिळाला, पण लॅपटॉपवर दिसतच नाही. मित्र म्हणतो विंडोजमध्ये एसएमबी१ चालू कर, आणि राउटरचा पोर्ट उघडला की घरून पण वापरता येईल. करू का?

दोन्ही करू नकोस. एसएमबी१ हा फाइल शेअर करायचा फार जुना प्रकार, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला होता तो याच्याच भोकातून पसरला, आणि त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने तो आपोआप टाकणं बंद केलं. तुझ्या नॅसला फक्त तोच येत असेल तर लॅपटॉपचं दार उघडायचं सोडून नॅसची सिस्टीम बदलता येते का ते पहा. आत इंटेलचा प्रोसेसर असेल आणि स्क्रीन जोडता येत असेल तर बऱ्याचदा त्यावर साधं लिनक्स चढतं. नाहीच जमलं तर ते मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त केबलने वापर.

पोर्ट उघडण्याबद्दल तर हात जोडून सांगते. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने क्यूनॅप कंपनीच्या हजारो नॅस पेट्या कुलूपबंद केल्या, सगळ्या थेट इंटरनेटवर उघड्या होत्या. जून २०२१ मध्ये डब्ल्यूडीच्या माय बुक लाइव्ह पेट्या लोकांच्या घरी बसल्या जागी पुसल्या गेल्या, त्यांचे अपडेट २०१५ लाच थांबले होते. बाहेरून वापरायचंच असेल तर राउटरवर किंवा एखाद्या छोट्या पीसीवर वायरगार्ड टाक, म्हणजे इंटरनेटवरून यायचा कुलूपबंद खासगी रस्ता, आधी त्याच्यातून रूमवरच्या नेटवर्कमध्ये ये, मग नॅस. एका संध्याकाळचं काम आहे आणि शिकायला पण मिळतं.

अजून एक, पेटी सिनॉलॉजी कंपनीची आरएस८१५+ असेल तर आतला प्रोसेसर इंटेल अॅटम सी२००० जातीचा आहे. त्यात घड्याळाचा सिग्नल देणारा भाग काही वर्षांत मरू शकतो, २०१७ मध्ये इंटेलने ते स्वतः मान्य केलं. तसं झालं तर एके दिवशी पेटी बंद केली की परत चालूच होत नाही. डिस्कला काही होत नाही त्याने, लिनक्समध्ये वाचता येतात, पण माहीत असलेलं बरं.

घरच्या इन्व्हर्टरवर चालतो का सर्व्हर? (वाडी)

प्युअर साइन वेव्हचा असेल आणि यूपीएस मोडवर ठेवला असेल तर बहुतेक वेळा चालतो. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर नका लावू, या मशीनांचे पॉवर सप्लाय त्यावर कुरकुरतात, कधी बंदही पडतात. १५० एएचची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी निघते, आणि घरचे पंखे पण त्याच्यावरच. माझं मत असं की मधे एक छोटा यूपीएस टाका, त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा, म्हणजे लाइट गेल्यावर पाच-दहा मिनिटांत मशीन स्वतःच नीट बंद होतं. आणि अर्थिंग तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत सुकते, खड्डा कोरडा झाला की अर्थिंग नावालाच उरतं, आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी टाकत जा त्यात. सर्व्हरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत असतील तर मशीन नंतर, आधी इलेक्ट्रिशियन.

वडील वीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत काम करत होते. त्यांच्या प्रयोगांच्या कॅसेट, सीडी, लोकांनी दिलेले व्हिडिओ सगळं मी गोळा केलं, ३ टीबी भरलं. पुढे कोणाला तरी कामी येईल म्हणून नीट जपायचं आहे. त्यासाठी जुना सर्व्हर घेऊन राहिलो, कोणता घेऊ? (नंदनवन)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सर्व्हर घेऊ नका दादा. तुमचा माल रोज वाढत नाही, रोज दहा जण उघडत पण नाहीत, तो फक्त टिकायला पाहिजे. ३ टीबीसाठी १५० वॅटचं मशीन ठेवलं तर दोन वर्षांनी बिलाला कंटाळून कोणीतरी ते बंद करेल, आणि कोपऱ्यात पडलेल्या पेटीत काय होतं ते कोणाच्या लक्षात राहणार नाही, मी असं होताना पाहिलं आहे.

४ टीबीच्या तीन डिस्क घ्या, वेगवेगळ्या कंपनीच्या, एकाच दिवशी एकाच दुकानातून नको. एक घरच्या पीसीत. दुसरी यूएसबीच्या डबीत, कपाटात, सिलिका जेलची पुडी घालून, पावसाळ्यात ती पुडी बदलायची. तिसरी गावी. प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ठेवा, म्हणजे फाइलचा एक ठसा, एक बिट जरी बदलला तरी ठसा जुळत नाही, त्यावरून कळतं की फाइल आतून सडली की चांगली आहे. जागा कमी लागावी म्हणून मूळ कॅप्चर पुसू नका, मोबाइलवर पाहायला लहान प्रत वेगळी बनवा. फाइलच्या नावात नाटकाचं नाव, गाव, साल आणि भूमिका करणाऱ्यांची नावं आत्ताच टाका, वडील आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून, कारण कोणत्या गावच्या मंडईतला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतला, प्रयोग आहे हे आज फक्त त्यांनाच ओळखू येतं.

यूएसबीच्या डिस्कवर सेकंदाला ११० एमबी धरले तरी ३ टीबी उतरायला साडेसात तास लागतात, म्हणून पहिली प्रत रात्री लावून झोपा. नंतर वर्षातून एकदाच. दिवाळी झाली की भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात, तुम्ही गावी, वडशाकडे जातच असाल, तेव्हा कपाटातली डिस्क ताजी करून घेऊन जा आणि गावी ठेवलेली परत आणा. आणलेली पीसीला जोडा, चेकसम चालवा, एखादी फाइल जुळली नाही तर दुसऱ्या डिस्कवरून भरा. तारीख मात्र पेनाने डिस्कच्या डबीवरच लिहा.